चौकीदाराच्या हातातला करंट काढून घ्या

आमच्या लेआउटचे अध्यक्ष, सचिव आणि सुरक्षा समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

समाजभवनाच्या नोटीस बोर्डावर मागच्या रविवारच्या सभेचं इतिवृत्त लागलं आहे. त्यातला ठराव क्रमांक 7 असा: ‘चौकीदारांकरिता, व्यक्तीस इजा न करता निष्प्रभ करणारी आणखी दोन विद्युत उपकरणे खरेदी करण्यात यावीत. सर्वानुमते मंजूर.’ त्या सभेत मी होतो आणि माझा हात विरोधात वर होता. तो मोजला गेला नाही याचं मला फार काही वाटलं नाही. आपल्याकडे कूलरसमोरच्या दोन रांगांचेच हात मोजले जातात, ही जुनी रीत आहे. पण कागदावर ‘सर्वानुमते’ आलं. म्हणून हे पत्र सचिवांच्या घरी बंद पाकिटात न देता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

‘आणखी दोन’ म्हणजे शॉक देणारा पहिला दंडा आहेच. तो पहिला ज्याच्या अंगावर चालला तो माझा सख्खा धाकटा भाऊ.

जुन्या लोकांना मी माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो. मी वीज मंडळात लाईनमन होतो. 34 वर्षं खांबावर काढली. दोनदा करंट खाल्ला, त्यातल्या एकदा 20 फुटांवरून खाली आलो; डावा खांदा अजून पावसाळा सांगतो. भावाला स्किझोफ्रेनिया आहे. वयाच्या विसाव्या वर्षी सुरू झाला, आज तो 54 चा आहे. आई गेल्यापासून माझ्याकडे असतो. महिन्याच्या महिन्याला त्याला प्रादेशिक मनोरुग्णालयात नेऊन गोळ्या आणतो. त्या चौकाचं नाव अख्खं नागपूर आजही ‘पागलखाना चौक’च घेतं, ऑटोवाल्याला दुसरं काही सांगितलं तर कळत नाही. भाऊ मागे बसलेला असताना ते नाव तोंडाने घ्यावं लागतं. सवय झाली आहे म्हणा.

त्याची एक खोड तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. रोज रात्री अकराच्या सुमारास तो बाहेर पडतो आणि आपल्या गल्लीतल्या सतराही फाटकांची कडी लागली आहे की नाही ते हात लावून पाहतो. लागली असेल तर एकदा वाजवतो आणि पुढे जातो. नसेल तर लावतो. वीस वर्षं झाली, एकाही घरात त्याने पाऊल टाकलेलं नाही. सचिवसाहेब, दोन वर्षांपूर्वी तुम्ही लग्नाहून उशिरा आलात आणि फाटक सताड उघडं टाकून झोपलात, तेव्हा बेल वाजवून तुम्हाला उठवणारा तोच होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्यासाठी संत्रा बर्फी पाठवली होती. तुम्ही विसरला असाल, तो विसरलेला नाही.

मे महिन्यातली ती रात्र. दिवसा पारा 45 च्या वर गेलेला, रात्री अकरालाही भिंती तापलेल्या. भावाच्या अंगात बनियन होती आणि ती घामाने पाठीला चिकटली होती. चौकीदार नवीन होता, तिसरीच रात्र. त्याला एवढंच दिसलं की अंधारात एक माणूस फाटकाला हात घालतो आहे. त्याने विचारलं, ‘कोण आहे बे? काय करून राहिला?’ भाऊ अनोळखी आवाजाला उत्तर देत नाही. त्याला आधीच कानात दहा आवाज येतात, त्यातल्या कोणाला उत्तर द्यायचं आणि कोणाला नाही हे त्याने स्वतःशी कधीच ठरवून टाकलं आहे. तो कडी धरून उभा राहिला. चौकीदाराने तुम्ही दिलेला शॉकवाला दंडा त्याच्या डाव्या बरगडीला लावला आणि बटण दाबलं.

किती वेळ दाबलं? मला माहीत नाही, त्यालाही माहीत नाही, आणि त्या दंड्यालाही माहीत नाही. याकडे पुढे येतो.

आवाज ऐकून मी धावलो तेव्हा भाऊ सिमेंटच्या रस्त्यावर कुशीवर पडला होता, भुवई फाटलेली, समोरचा एक दात गेलेला. बरगडीवर दोन बोटांच्या अंतराने दोन लालबुंद ठिपके, मधोमध काळे. मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत भुवईला पाच टाके पडले. टाके घालणाऱ्या पोराने विचारलं, ‘काका, काय चावलं यांना?’ मी काय सांगू?

जखम भरली. पण त्या दिवसापासून तो लोखंडाला हात लावत नाही. फाटक मी उघडून दिल्याशिवाय बाहेर येत नाही, म्हणजे येतच नाही. स्टीलचं ताट हातात घेत नाही. त्याच्या वहिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच्यासाठी मेलामाइनची प्लेट काढली आहे. मी नोकरीत असताना तो मला खांबावर चढताना बघायचा आणि खालून ओरडायचा, ‘दादा, लाईन बंद केली का?’ आता जेवायला बसला की ताटाकडे बघून तेच विचारतो. मी ‘हो, बंद केली’ म्हणतो, मग एक घास खातो.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा तुमच्यापैकी एक सदस्य म्हणाले, ‘अहो, एवढा करंट तर कूलरलाही बसतो.’ सगळे हसले. नागपूरच्या माणसाला कूलरच्या करंटची थट्टा सुचणं साहजिक आहे. आपल्याकडे पोरगं चालायला लागलं की आई त्याला शिकवते, कूलरला सरळ हात लावायचा नाही, उलटा लावून बघायचा. का उलटा? कारण करंटने हाताचे स्नायू आवळतात, सरळ तळहात लावला तर मूठ मिटते आणि माणूस चिकटतो. दर उन्हाळ्यात या शहरात कूलरला चिकटून कोणीतरी जातं आणि ती बातमी आपण पोहे खाता खाता वाचतो. तेव्हा ती थट्टा माझ्यापुढे तरी नको होती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार तुमच्या शब्दाबद्दल आहे: ‘इजा न करता’. भारतीय न्याय संहितेचं कलम 114 काढून बघा. एखाद्याला शारीरिक वेदना देणं हीच कायद्याच्या लेखी दुखापत. रक्त निघायला हवं, हाड मोडायला हवं अशी अट नाही. म्हणजे नुसती वेदना देण्यासाठीच बनवलेली वस्तू इजा करत नाही असं म्हणताच येत नाही. आणि माझ्या भावाच्या बाबतीत तर भुवई, दात आणि डागही आहेत. पण तुमच्या इतिवृत्तात त्या रात्रीचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

दुसरी तक्रार थोडी लांब आहे, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. ‘निष्प्रभ करणारी’ असं तुम्ही लिहिलंत. विकणाऱ्याने तुम्हाला एक वस्तू दाखवली आणि दुसरीच गळ्यात मारली, हे तुमच्या लक्षात आलेलं नाही.

सभेत मोबाइलवर जो व्हिडिओ फिरवला गेला त्यात परदेशी पोलीस दुरून काहीतरी झाडतो आणि समोरचा माणूस ओंडक्यासारखा आडवा होतो. ती टेझर. अमेरिकेत नासामध्ये काम केलेल्या जॅक कव्हर नावाच्या संशोधकाने 1969 मध्ये तिच्यावर काम सुरू केलं आणि 1974 मध्ये ती पुरी केली. विजेला चिकटून जागच्या जागी खिळलेला, तरी जिवंत राहिलेला एक माणूस त्याने बातमीत वाचला आणि त्यावरून कल्पना सुचली, असं सांगतात. (आम्ही असे किती पाहिले, आम्हाला असलं काही सुचलं नाही, आम्ही काठीने बाजूला ओढायचो.) या टेझरमधून बारीक तारांना बांधलेल्या दोन अणकुचीदार सुया सुटतात. एक छातीत, दुसरी मांडीत, अशा लांब लांब रुतल्या की मधल्या सगळ्या स्नायूंतून करंट जातो आणि माणूस आखडतो. दोन सुयांमधलं अंतर हा त्यातला जीव आहे. अंतर कमी, तर आखडणं कमी.

आपल्या चौकीदाराकडचा दंडा हा तो प्रकार नाही. त्याच्या टोकाला अडीच सेंटीमीटर अंतरावर दोन खिळे आहेत आणि ते अंगाला टेकवावे लागतात. करंट एका खिळ्यातून निघतो आणि कातडीखालून लगेच दुसऱ्यात जातो. मोठे स्नायू त्याला लागतच नाहीत. म्हणजे माणूस निष्प्रभ वगैरे होत नाही, त्याला फक्त मरणाचं दुखतं. टेझरलाही असं अंगाला टेकवून वापरता येतं आणि तिथले पोलीसही मान्य करतात की त्या प्रकारात ती केवळ वेदनेने वठणीवर आणण्याचं साधन आहे. दुखल्यावर कोणी पळेल, कोणी पडेल, आणि कोणी उलटून चौकीदाराचा गळा धरेल. खरा चोर असेल तर तिसरं होईल. माझा भाऊ होता म्हणून दुसरं झालं.

मी खेड्यातला. आमच्याकडे बैल अडला की त्याला तुतारी टोचायचे, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. पोळ्याच्या दिवशी मात्र तुतारीला कोणी हात लावायचं नाही. तुम्ही जे आणलं आहे ती बॅटरीवरची तुतारी आहे, आणि तिला पोळासुद्धा नाही.

आता खोक्यावर छापलेला आकडा. ‘20 लाख व्होल्ट’. हा आकडा सभेत मोठ्याने वाचला गेला आणि मागच्या रांगेतून ‘वा!’ आलं. हवेचा एक सेंटीमीटर थर फोडून ठिणगी उडायला साधारण 30 हजार व्होल्ट लागतात. त्या हिशेबाने 20 लाख व्होल्ट असते तर ठिणगी 66 सेंटीमीटर, म्हणजे दोन फुटांच्या वर उडाली असती आणि पहिला शॉक चौकीदाराला बसला असता. अडीच सेंटीमीटरच्या फटीत फार तर 75 हजार मावतात. म्हणजे आकडा सरळसरळ खोटा आहे. आणि तो खरा असता तरी त्यावरून काही कळत नाही, कारण व्होल्ट माणसाला मारत नाहीत. किती करंट गेला, कुठून गेला आणि किती वेळ गेला, यावर सगळं असतं. आपल्या घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, 30 मिलिअँपिअरला पडतो, तो उगाच नाही.

पोलिसांच्या हातातली एक्स-26 नावाची टेझर घ्या. तिच्या जाहिरातीतही 50 हजार व्होल्ट आहेत, पण अंगावर पोचतात ते हजार-बाराशेच्या आसपास. करंट सरासरी 2 मिलिअँपिअरच्या जरा वर, सेकंदाला 19 झटके, आणि एकदा खटका ओढला की पाच सेकंद. शिवाय खटका कोणत्या तारखेला, किती वाजता, किती सेकंद ओढला हे ती स्वतःच्या पोटात लिहून ठेवते. नंतर कोणी ‘मी एकदाच लावला’ म्हणालं तर यंत्र त्याला खोटं पाडतं. आपल्या दंड्याच्या खोक्यावर यातलं एक अक्षर नाही. करंट किती, लिहिलेलं नाही. कंपनीचा पत्ता नाही. अंगठा दाबलेला आहे तोवर तो चालू. मिक्सर घेताना आयएसआय मार्क बघणारी आपण माणसं. माणसाच्या बरगडीला लावायची वस्तू कोणी काही न बघता मागवली?

‘अहो, पण परदेशात पोलीस वापरतात ना!’ हे तुम्ही चौघांनी वेगवेगळ्या वेळी मला ऐकवलं. वापरतात. हातात पिस्तूल असलेल्या शिकलेल्या पोलिसाने गोळीऐवजी टेझर वापरली तर मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण तिथे काय काय झालं तेही ऐका. 14 ऑक्टोबर 2007, कॅनडातला व्हँकुव्हर विमानतळ. पोलंडहून आईकडे राहायला आलेला एक माणूस, इंग्रजी येत नव्हतं, दहा तासांच्या आसपास आतच अडकून भांबावलेला. चार पोलीस आले, त्याला पाचदा टेझर लावली गेली, तो तिथेच मेला. त्याच्या हातात होता तो स्टेपलर. पुढे न्यायमूर्ती ब्रेडवुड यांनी चौकशी केली आणि टेझर वापरायची गरज नव्हती असा निष्कर्ष दिला. विचारलेलं कळत नाही, म्हणून उत्तर देत नाही, म्हणून धोकादायक! माझ्या भावाची गोष्ट मला पोलंडच्या माणसात का दिसली ते वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या कूमा गावची, मे 2023. वृद्धाश्रमात 95 वर्षांची बाई, डिमेन्शिया, वॉकर धरून चालणारी, हातात स्वयंपाकघरातली सुरी. पोलिसाने टेझर झाडली, ती पडली, डोक्याला मार लागला, आठवड्याने गेली. पुढच्या वर्षी त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. मारलं ते पडण्याने, नुसत्या करंटने नव्हे. हे लाईनमनइतकं कोणाला कळतं? आमच्यातही कित्येक करंटने जात नाहीत, खाली पडून जातात. आपल्या लेआउटमध्ये सकाळी सहाला वॉकर घेऊन फिरणारी किती माणसं आहेत, मोजा.

टेझर बनवणाऱ्या कंपनीनेच 2009 मध्ये पोलिसांना सांगितलं की शक्यतो छातीवर नेम धरू नका. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने 2012 मध्ये मोजलं, 2001 पासून अमेरिकेत टेझर वापरल्यानंतर किमान 500 माणसं दगावली होती. ती सगळी शॉकनेच गेली असं संस्थाही म्हणत नाही. कोणाच्या पोटात नशा होती, कोणाचं हृदय आधीच कमजोर. पण रस्त्यावर समोर उभ्या माणसाचं हृदय कसं आहे हे दंडा लावण्याआधी कोण तपासणार? माझा भाऊ ज्या प्रकारच्या गोळ्या घेतो त्यातल्या काही हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, म्हणून त्याचा ईसीजी काढावा लागतो. तुमच्या चौकीदाराने दंडा लावला तो डाव्या बरगडीला. ब्रिटनमध्ये तर साध्या नागरिकाला असली वस्तू बाळगायलाच बंदी आहे.

आता जे मला झोपू देत नाही ते.

सत्तावीस वर्षांचा असताना भावाची तब्येत फार बिघडली. त्याने खाणं सोडलं होतं. डॉक्टरांनी शॉक द्यावे लागतील म्हणून सांगितलं. मी घाबरलो, मी शॉकचं खातो-पितो, मला माहीत आहे तो काय असतो. डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. आधी भूल देतात, मग स्नायू सैल पडायचं औषध देतात, ऑक्सिजन लावतात, मग काही सेकंदांचा करंट, आणि रोग्याला त्यातलं काही कळतही नाही. मी सही केली. त्याला त्याने बरं वाटलं, हेही सांगायला हवं. आज तर कायदाच आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017. त्याच्या कलम 95 प्रमाणे भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय मनोरुग्णाला शॉक देण्यावर बंदी आहे. दवाखान्यात, डॉक्टरने, उपचार म्हणूनसुद्धा देता येत नाही. त्याच कायद्याचं कलम 100 पोलिसांना सांगतं की रस्त्यावर भटकणारा, स्वतःला सांभाळता न येणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षणाखाली घेऊन 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्या, लॉकअपमध्ये टाकू नका.

एमडी झालेला डॉक्टर जे करू शकत नाही, पोलिसाला ज्याची परवानगी नाही, ते तुम्ही महिना 11 हजारांवर ठेवलेल्या पोराच्या अंगठ्यावर सोपवलं. सभागृहात हात वर करून.

त्या पोराबद्दल माझी तक्रार नाही, हे स्पष्ट लिहितो. तो भंडारा जिल्ह्यातला, धानाच्या पट्ट्यातला, बावीस वर्षांचा. बारा तासांची पाळी, बसायला प्लॅस्टिकची खुर्ची, चौकीत पंखा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा होता, हातात भावाची रस्त्यावर राहिलेली एक चप्पल. म्हणाला, ‘काका, मले का मालूम हे घरचेच आहेत. साहेबांनंच सांगतलं होतं, आधी लावजो, मंग इचारजो.’ कोणत्या साहेबांनी, ते मी विचारलं नाही. त्याने सांगितलं असतं तर त्याची नोकरी गेली असती.

त्याला तुम्ही काय शिकवलंत? सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींसाठी 2005 चा कायदा आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत रक्षकाला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष शिकवण्याची गोष्ट आहे. आपल्या पोराला दंडा चार्ज कसा करायचा ते शिकवलं, पाच मिनिटांत. चौकीदार पोलीस नसतो. साध्या माणसाने कोणाला धरायचं असेल तर त्याच्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडायला हवा किंवा समोरचा फरारी म्हणून घोषित गुन्हेगार असायला हवा, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 म्हणतं. फाटकाची कडी वाजवणं हा कोणता गुन्हा?

आणि ते एवढ्यावर थांबलेलं नाही. मागच्या आठवड्यात दंडा चौकीत चार्जिंगला लावलेला होता आणि तुमच्यातल्याच एकाच्या घरची दोन पोट्टी तो घेऊन मंदिरामागच्या कुत्रीला लावत होती. ती व्यालेली आहे. मी हातातून काढून घेतला तर पोट्टं म्हणतं, ‘आजोबा, याने काही होत नाही, फक्त नाचते.’

चोऱ्या होतात हे मी नाकारत नाही. लग्नसराईत दोन घरं फुटली, एका ताईंच्या गळ्यातली पोत गेली, माझ्या स्वतःच्या गच्चीवरून कूलरचा पंप गेला. रात्री भीती वाटते ती खोटी नाही, विशेषतः ज्यांची मुलं पुण्या-बंगळुरूला आहेत त्यांना. पण मला सांगा, ज्या दोन घरांत चोरी झाली ती गल्लीच्या कोणत्या टोकाला आहेत? जिथे चार खांबांवरचे दिवे दिवाळीपासून बंद आहेत त्याच टोकाला. माझ्या भावाचा चेहराही त्याच अंधारात दिसला नाही. त्या दिव्यांसाठी मी तीन अर्ज दिले, समितीच्या सहीसाठी ते सचिवांच्या टेबलावर आहेत. दंड्याचे पैसे मात्र एका संध्याकाळी निघाले.

माझ्या मागण्या अशा आहेत.

ठराव क्रमांक 7 रद्द करा आणि इतिवृत्तातला ‘सर्वानुमते’ हा शब्द दुरुस्त करा.

चौकीतला दंडा आजच्या आज काढून कुलपात ठेवा. त्याचं बिल, कोणाच्या नावावर मागवला ते, आणि तो बाळगायला परवाना लागतो की नाही याचं पोलीस ठाण्याकडून लेखी उत्तर, हे तिन्ही बोर्डावर लावा. ‘विकणारा म्हणाला लायसन लागत नाही’ हे उत्तर मी धरणार नाही.

मेमधल्या त्या रात्रीची नोंद इतिवृत्तात घ्या. माफीनामा नको. काय झालं, कोणाला लागलं, किती टाके पडले, एवढं साधं लिहा. उद्या कोणी म्हणू नये की असं काही झालंच नाही.

चौकीदाराला शिट्टी, चांगली बॅटरी, पंखा आणि लेखी सूचना द्या. सूचनेत पहिली ओळ: आधी विचारायचं, उत्तर नाही आलं तर लांब उभं राहून शिट्टी वाजवायची आणि 112 लावायचा. माणूस भांबावलेला, आजारी वाटला तर घरच्यांना उठवायचं. घर माहीत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर विचारायचं. आपल्या लेआउटमध्ये असे आणखी तीन जण आहेत, मी त्यांची घरं चौकीदाराला स्वतः दाखवून देतो. आणि त्या भंडाऱ्याच्या पोराला या प्रकरणात काढू नका.

चार खांबांच्या दिव्यांच्या अर्जांवर सह्या करा. पुढचा पाठपुरावा मी करतो, मला त्या ऑफिसातले जिने पाठ आहेत.

याला पंधरा दिवस थांबतो. त्यानंतर मेडिकलचे कागद आणि डागांचे फोटो घेऊन मी पोलीस ठाण्यात जाईन. तोवर कोणावरही तक्रार करायची नाही असं घरात ठरलं आहे, वहिनीचा विरोध असूनही.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी समाजभवनात येतो. ज्यांना ते 20 लाख व्होल्ट अजून खरे वाटतात त्यांनी दंडा चार्ज करून टेबलावर ठेवावा. फूटपट्टी मी आणतो.

आपला,
गल्लीतल्या सतराव्या फाटकाचा रहिवासी, निवृत्त लाईनमन
नागपूर